रिकामा न केलेला खिसा

१

तांबडी घोडी मेली तेव्हा तिच्या मागच्या पायाला नवं कोरं बँडेज होतं. गाठ नीट, टोकं आत खोचलेली. ज्या जनावराला थोड्या वेळात मारायचं असतं त्याच्या पायावर कुणी एवढी मेहनत घेत नाही. हे तिथे जमलेल्या प्रत्येकाला दिसत होतं, आणि प्रत्येकाने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

घोडी शर्यतीची. खूर दुखावला म्हणून जनावरांच्या दवाखान्यात आली होती आणि संध्याकाळी घरी जायची होती. मालक गाडी घेऊन न्यायला आला, तर ती भुशावर आडवी आणि कंपाउंडर तिच्या अंगावर ताडपत्री ओढतोय.

"हे काय?" मालकाने विचारलं.

"शेवटचं इंजेक्शन," कंपाउंडर म्हणाला. "हुकूम आला होता."

भिंतीवरच्या स्क्रीनवर हुकूम अजून होता. लाल पट्टी, तीत तांबडीचं नाव, खाली 'शेवटचं इंजेक्शन', आणि हुकूम देणाऱ्या डॉक्टरच्या जागी थोरलीचं नाव.

थोरली म्हणजे या घरची थोरली सून. दवाखाना घरचाच. सासरे मोठे डॉक्टर, त्यांनी तो उभा केला. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे थोरलीचा नवरा, जनावरांचा सर्जन. धाकटा डॉक्टर झाला नाही. तो संगणकाकडे वळला, आणि दवाखान्याचा सगळा कारभार ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते त्याने एकट्याने लिहिलं. चौघांपैकी तिघे रक्ताचे, चौथी लग्न करून आलेली. पुढे जे झालं त्यात या साध्या बेरजेचा वाटा मोठा आहे.

त्याच दिवशी सकाळी थोरलीचं आणि मालकाचं वाजलं होतं. पाय बरा व्हायच्या आत घोडीला पळवायचं त्याच्या मनात होतं. थोरली भर व्हरांड्यात म्हणाली, "असं पळवण्यापेक्षा मारूनच टाका तिला एकदाची. तिची तरी सुटका होईल." ऐकणाऱ्यांतल्या दोन बकऱ्या सोडल्या तर बाकी सगळे साक्षीला तयार होते.

मोठ्या डॉक्टरांनी सुनेला आपल्या खोलीत बोलावलं. दोन्ही मुलगे तिथेच होते.

"तुझ्या हातून झालं असेल तर सांगून टाक," ते म्हणाले. "रागात होतं माणसाकडून."

"बाबा, मी असा हुकूम दिलेला नाही."

"मग तुझं नाव काय वाऱ्याने लिहिलं?"

ते थांबले नाहीत.

"परवाना मंडळाला कळवावं लागेल. त्यांचा निकाल लागेपर्यंत कुठल्याही जनावराला हात लावू नकोस. आणि निकाल काय लागेल, ते मी तुला सांगायला नको."

नको होतंच. निरोगी जनावर रागाने मारणाऱ्या डॉक्टरचा परवाना कायमचा जातो. थोरलीला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता. त्या खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती, बाकी काही नव्हतं.

२

घोडीचा विमा होता. त्यामुळे विमा कंपनीने आपलं माणूस पाठवलं. सगळे तिला विम्याची बाई म्हणू लागले आणि तिने ते चालवून घेतलं. वय पन्नाशीचं, आवाज मऊ, आणि समोरच्याने उत्तर दिल्यावरही थोडा वेळ वाट बघत बसायची सवय. पुष्कळ माणसं त्या वाट बघण्याला घाबरून नको ते बोलून जात.

कंपनीची एक पद्धत होती. मोठ्या विम्याचं जनावर गेल्याची खबर आली की त्याच संध्याकाळी कंपनीचा तंत्रज्ञ येई आणि दवाखान्याच्या संगणकाची जशीच्या तशी नक्कल करून, मोहोरबंद करून घेऊन जाई. इथेही आला होता. कोपऱ्यात बसून चहा प्यायला, काम केलं, गेला. ताडपत्रीच्या गडबडीत त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बाईने पहिली भेट अर्थातच थोरलीची घेतली.

"हुकूम निघाला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"गायीजवळ. अडलेली गाय होती. माझे दोन्ही हात खांद्यापर्यंत आत होते."

"सोबत कोण?"

"गायवाला चक्कर येते म्हणून डोळे मिटून बाहेर बसला होता. आत मी आणि नवरा."

"तुमचे यजमान म्हणतात, ते मध्येच दोरी आणायला बाहेर गेले होते. बराच वेळ."

थोरलीचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग ती म्हणाली, "तो म्हणतो तर गेला असेल. माझं लक्ष वासरात होतं."

बाई वाट बघत बसली. थोरलीही बसली. या खेळात बाईला पहिल्यांदाच जोडीदार भेटला होता.

"बरं," बाई म्हणाली. "गायीच्या आधी काय करत होता?"

"तांबडीचं बँडेज. मग तिच्या खुराचा एक्स-रे तिच्या फाइलला जोडत होते. जोडला गेला नाही. 'चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा' असं आलं. फोटो मोठा असला की असं करतं ते. तेवढ्यात गायीसाठी हाक आली, म्हणून तसंच सोडून गेले."

"म्हणजे त्या दुपारी संगणकावर तुमचं शेवटचं काम तांबडीच्याच नावाने होतं, आणि ते मध्येच पडलं."

"हो. त्याचं काय?"

"अजून माहीत नाही," बाई म्हणाली, आणि ते खरं होतं.

३

कंपाउंडर जुना माणूस. त्याला कुणी दोष देत नव्हतं, तरी तो सारखा हात धूत होता.

"तुम्ही विचारलं नाही कुणाला? बँडेज बांधलेली घोडी, आणि मारायची?"

"इथे विचारत नाहीत," तो म्हणाला. "मोठ्या डॉक्टरांचाच नियम आहे. जनावराचा माणूस रडत असतो, त्याच्यासमोर चर्चा नको. लाल पट्टी आली की जायचं, काम करायचं, निघायचं. ती माझ्या बाहीला नाक घासत होती. मला वाटलं, आतून काही असेल, आपल्याला काय कळतंय."

"याआधी कधी हुकूम चुकीचा आला होता?"

तो पुन्हा नळाकडे निघाला होता, तो थांबला. "एकदा. बैलाला डोळ्यांत दोन थेंब घाला, असा. अहो, केवढा बैल तो, त्याला दोन थेंब. आणि डोळे ठणठणीत. ते औषध होतं पोपटाचं. मोठ्या डॉक्टरांचा पोपट. बैल होता थोरल्या बाईंचा."

"हुकुमावर नाव कुणाचं होतं?"

"थोरल्या बाईंचं. मी धाकट्या साहेबांना दाखवलं. त्यांनी मशीन बंद करून चालू केलं. म्हणाले, झालं नीट. हसलो आम्ही सगळे."

"औषध मोठ्या डॉक्टरांचं, आणि नाव आणि जनावर थोरल्या बाईंचं," बाई हळू म्हणाली. "आणि बंद करून चालू केलं की नीट."

दवाखान्याच्या मागच्या तबेल्यात एक रिकामी जागा होती. तिथे एक म्हातारी बसून लगामाची कातडी पुसत होती. ही एके काळी सर्कशीत घोड्यावर उभी राहून कसरती करायची. तिचा पांढरा घोडा, तिच्याच वयाचा म्हणावा असा, इथेच गेला होता.

"कधी गेला?" बाईने विचारलं.

"तांबडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. जायचा होता तांबडीच्याच दिवशी. मोठे डॉक्टर माझ्याजवळ उभे होते. म्हणाले, दाबू का? मी म्हटलं, दाबा. त्यांनी फोनवर बटण दाबलं, 'झालं' असं आलेलं मला दाखवलं. म्हणाले, आता येईल माणूस. मी त्याच्या मानेला मिठी मारून बसले. कुणी आलंच नाही. मग तिकडे आरडाओरडा झाला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आरडाओरडा ऐकून गेले, परत आले ते पांढरे पडून. मला म्हणाले, आज नको, उद्या करू. आणि म्हणाले, मी बटण दाबलं हे कुणाला सांगू नका, लोक उगाच गोंधळ करतील." म्हातारीने लगाम खाली ठेवला. "रात्रभर तो विव्हळत होता. सगळ्यांचा निरोप घेऊन झाला होता त्याचा, आणि रात्र त्याला फुकट काढावी लागली."

बाईने कचेरीत येऊन पाहिलं. पांढऱ्यासाठी संगणकात एकच हुकूम होता, दुसऱ्या दिवशीचा. मग म्हातारीच्या डोळ्यांदेखत दाबलेलं पहिलं बटण गेलं कुठे?

४

धाकट्याला समजावून सांगायची फार हौस. आपण सांगतोय ते समोरच्याला कळत नाही, यात त्याला सगळ्यांत जास्त आनंद. बाईने त्याला तो आनंद पोटभर घेऊ दिला.

"हे सगळं मला मुलाला सांगितल्यासारखं सांगा," ती म्हणाली.

"सोपंय. सर्व्हर म्हणजे एक खोली समजा. आत काही कामगार बसलेत. आम्ही त्यांना थ्रेड म्हणतो. बाहेरून काम आलं, की रिकामा असलेला एक कामगार ते घेतो. काम झालं की त्याला घरी पाठवत नाहीत, परत बाकावर बसवतात. दर कामाला नवा माणूस नेमायचा म्हणजे वेळ जातो."

"म्हणजे तोच माणूस पुढचंही काम करतो."

"बरोबर. आता प्रत्येकाला एक खिसा असतो. त्याचा स्वतःचा, शेजारच्याचा हात त्यात जात नाही. काम सुरू झालं की मी त्या खिशात चिठ्ठी टाकतो. डॉक्टर कोण, जनावर कोणतं. मग कामाच्या दरम्यान ज्याला हवं तो खिशात बघतो, दर वेळी विचारत बसावं लागत नाही. सुंदर सोय आहे."

"आणि काम संपल्यावर?"

"खिसा रिकामा करायचा. शेवटची ओळ तीच असते."

"शेवटची," बाई म्हणाली. "आणि कामगार मध्येच ठेचकाळून पडला तर? एक्स-रे चढला नाही, 'चूक झाली' असं आलं, तर तो शेवटच्या ओळीपर्यंत पोचतो का?"

धाकट्याचा चहाचा कप ओठांपर्यंत गेला होता, तिथेच राहिला.

"तसं होत नाही," तो म्हणाला. "माझ्या सॉफ्टवेअरमध्ये पडला तरी खिसा रिकामा होतो. ती व्यवस्था असते. जाताना काहीही झालं तरी ही ओळ चालवायचीच, अशी."

"पहिल्यापासून आहे?"

"पहिल्यापासून. मी महिनोन्‌महिने त्या कोडला हात लावलेला नाही. वाटलं तर बघा उघडून."

"बघते. आणि मोठ्या डॉक्टरांच्या फोनवर एक वेगळं पान आहे म्हणतात, एका बटणात हुकूम सुटणारं?"

"बाबांना पासवर्ड लक्षात राहत नाही. त्यांचा फोन म्हणजे तेच, असं धरून मी लॉगिन काढून टाकलं. खिशात काही नसेल तर त्यांचं नाव आणि त्यांनी उघडलेलं जनावर टाकायचं, की झालं."

"खिशात काही नसेल तर," बाई म्हणाली.

"हो."

"आणि असेल तर?"

धाकट्याने कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला. पुसायला त्याने रुमाल काढला आणि पुसत राहिला. बशी कोरडी झाल्यावरही पुसत राहिला.

"वहिनींना वाचवायला काय काय शोधून काढताय तुम्ही," तो शेवटी म्हणाला.

"मला वहिनी वाचल्या काय, बुडाल्या काय," बाई मऊ आवाजात म्हणाली. "मी घोडीसाठी आलेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपल्या तंत्रज्ञाकडून दवाखान्याच्या संगणकाची आणखी एक नक्कल करून घेतली. आता तिच्याकडे दोन झाल्या.

५

थोरल्याची भेट लवकर आटोपली. दोरी कुठून आणली, तर मागच्या खोलीतून. मागच्या खोलीला कुलूप होतं, तर किल्ली होती. किल्ली कुणाकडे असते, तर कंपाउंडरकडे. प्रत्येक उत्तराला तो आधी वडिलांच्या बंद दाराकडे बघत होता.

"डॉक्टर," बाई म्हणाली, "तुमच्या बायकोचा परवाना जाणार, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"ती हुशार आहे. कुठेही उभी राहील."

"परवान्याशिवाय?"

त्याने त्या बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाबांनी आयुष्य घातलंय या जागेत."

मोठ्या डॉक्टरांनी बाईला खुर्ची दिली, पंखा लावला, घरातल्या सगळ्यांची प्रकृती सांगितली. पांढऱ्या घोड्याचं विचारल्यावर म्हणाले, "पहिल्या दिवशी मी बटण दाबलंच नाही. मनच होईना. ती म्हातारी काहीही बोलते."

"तिने फोनवर 'झालं' वाचलं."

"तिला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"चष्मा होता तिच्या डोळ्यांवर. मिठी मारताना काढून ठेवला, म्हणाली."

तिने असलं काहीच सांगितलं नव्हतं. डॉक्टर मात्र पटकन म्हणाले, "मिठी मारली ती मी दाबल्यानंतर..." आणि थांबले.

या वेळी बाईला वाट बघावी लागली नाही. ती उठली. "उद्या दुपारी सगळ्यांना एकत्र बसवा. घरातलेच. बाहेरचं कुणी नको, तुम्हालाच अवघड होईल."

६

मोठ्या तपासणी टेबलावर बाईने दोन लॅपटॉप मांडले. भोवती चौघे उभे. कंपाउंडर दाराशी, त्याला बोलावलं नव्हतं आणि जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"हा पहिला, घोडी गेली त्या संध्याकाळचा संगणक," बाई म्हणाली. "हा दुसरा, कालच्या सकाळचा. दोन्हीकडे गर्दी नको म्हणून मी आत एकच कामगार ठेवलाय. थोरल्या बाई, पहिल्यावर तांबडीची फाइल उघडा आणि हा एक्स-रे जोडा."

थोरलीने जोडला. 'चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा.'

"आता मोठे डॉक्टर. हा तुमच्यासारखाच फोन, तुमचंच पान. एक कासव घातलंय मी त्यात, खोटं. त्याच्यासाठी शेवटचं बटण दाबा."

"मला हे नाटक करायचं नाही."

"मग मी लिहीन की नकार दिला."

म्हाताऱ्याचा अंगठा बटणावर आला. दाबला गेला. फोनवर 'झालं' आलं. लॅपटॉपवर लाल पट्टी उमटली. तांबडी. शेवटचं इंजेक्शन. थोरली.

कासवाचा पत्ता नव्हता. कंपाउंडर दारातच खाली बसला.

"कामगार एक्स-रेला ठेचकाळून पडला," बाई सांगत होती. "शेवटच्या ओळीपर्यंत पोचला नाही. खिशात चिठ्ठी तशीच घेऊन बाकावर येऊन बसला. दुसऱ्या कुठल्या स्क्रीनवरून काम आलं असतं, तर त्या कामाने चिठ्ठी बदलली असती, आणि कुणाला कळलंही नसतं. म्हणून हे क्वचित होतं. आलं ते मोठ्या डॉक्टरांचं पान. ते पान म्हणतं, खिशात काही नसेल तरच माझं टाक. खिशात होतं. थोरली आणि तांबडी. बैलाला पोपटाचे थेंब असेच आले होते. मशीन बंद करून चालू केलं की बाकावरचे कामगारच नवे येतात, खिसे कोरे, म्हणून नीट झाल्यासारखं वाटलं."

"म्हणजे मशीनची चूक," मोठे डॉक्टर घाईने म्हणाले. "कुणाचीच नाही. तसं लिहा. सुनेवरचंही जाईल, आमचंही."

"थांबा, दुसरा राहिलाय."

दुसऱ्या लॅपटॉपवर तेच सगळं झालं. एक्स-रे पडला, बटण दाबलं, आणि लाल पट्टीवर आलं कासव. खाली मोठ्या डॉक्टरांचं नाव. अगदी बरोबर.

"पहिल्या संध्याकाळी खिसा भरलेला राहत होता. काल सकाळी राहत नाही," बाई म्हणाली. "मधल्या दिवसांत कुणीतरी रिकामा करायची ओळ उचलून हवी त्या जागी नेली. कामगार पडला तरी चालेल अशा जागी. या घरात ती जागा कुणाला ठाऊक आहे, ते मी विचारत नाही. महिनोन्‌महिने हात लावला नाही, असं मला सांगितलं गेलं होतं."

धाकटा जमिनीकडे बघत होता. "तीन दवाखान्यांना हे सॉफ्टवेअर द्यायचं ठरलं होतं," तो म्हणाला. "हे बाहेर पडलं असतं तर एकानेही घेतलं नसतं. मी त्याच रात्री नीट केलं. पुढे कुणाचं जनावर मरू नये म्हणून."

"आणि वहिनी?" थोरली म्हणाली. त्या दुपारी ती पहिल्यांदाच बोलत होती. "वहिनी कुठल्या ओळीत होती?"

उत्तर वडिलांनी दिलं, आणि ते इतकं शांतपणे दिलं की त्यांना ते बरेच दिवस आधी सापडलं असणार.

"धाकट्याचं सॉफ्टवेअर, माझं बटण. मंडळाने आधीच एकदा मला समज दिलेली आहे, लॉगिनशिवाय हुकूम देऊ नका म्हणून. माझा परवाना गेला असता, दवाखाना बंद झाला असता. तुझ्या एकटीवर भागत होतं. घर म्हटलं की कुणाला तरी सोसावं लागतं."

"कुणाला तरी," थोरली म्हणाली. "आणि ते ठरवायला तुम्हाला किती वेळ लागला, बाबा?"

फार लागला नसावा.

७

बाईने लॅपटॉप मिटले, पण ती उठली नाही.

"माझं काम निम्मं झालंय. यंत्र असं करू शकतं, हे मी दाखवलं. त्या दुपारी त्याने तसंच केलं, हे मंडळ माझ्या खेळावरून मानणार नाही. इथे बोललात ते तुम्ही तिथे नाकाराल, आणि सर्कसवालीला ते म्हातारी म्हणून बाजूला काढतील. ते म्हणतील, थोरल्या बाईंनीच फोनवरून हुकूम दिला नसेल कशावरून? म्हणून मला एकच गोष्ट हवी. हुकूम निघाला तेव्हा या बाईंचे हात कुठे होते. सांगणारी माणसं दोनच. एक म्हणतो, मी दोरी आणायला गेलो होतो, आणि यांनी ते अजून खोडलेलं नाही."

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं.

"हे बदललं तर काय होईल?" त्याने विचारलं.

"तुम्ही चौकशीत खोटं बोललात हे सिद्ध होईल. मंडळ खोट्या साक्षीला काय करतं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

तो बायकोजवळ आला. बऱ्याच दिवसांनी इतक्या जवळ आला. सगळ्यांना ऐकू येईल एवढ्याच हळू आवाजात म्हणाला, "मधला मार्ग आहे. तू सांग, तूच मला दोरीला पाठवलंस आणि मी लगेच परत आलो. लगेच म्हणजे किती, ते कुणी मोजलेलं नाही. माझं खोटं ठरत नाही, तुझ्यावरचा डाग बराचसा जातो. वर्षभर परवाना थांबवतील फार तर. वर्ष काय, असं जाईल."

"डाग बराचसा जातो," थोरली म्हणाली.

"बाबांचा जाणारच आता. धाकट्याचं तर संपलंच. मीही गेलो तर हे सगळं कोण बघणार? तू एकटी?"

"घराचा विचार कर," मोठे डॉक्टर म्हणाले. सवयीचा आवाज होता, पण या वेळी त्यात विनंती होती, आणि विनंती करायची सवय नसल्यामुळे ती धमकीसारखीच वाटली.

"तो म्हणाला बाहेर गेलो होतो, तेव्हा मी गप्प बसले," थोरली त्यांना म्हणाली. "मला वाटलं, घाबरला असेल, दोन दिवसांनी सांगेल. त्याला सांगायला जागा ठेवली मी. त्या जागेत तुम्ही तिघांनी मिळून मला उभं केलंत."

"बाबांनी सांगितलं मला," नवरा म्हणाला. "गाडीत. मी नाही म्हणत होतो."

"किती वेळ नाही म्हणत होतास?"

बाहेर व्हरांड्यात एक कुत्रं सारखं केकाटत होतं. त्याला बघायला आता या दवाखान्यात परवाना असलेलं कुणी फारसं उरणार नव्हतं, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते ऐकू येत होतं.

थोरलीने खुर्ची ओढली आणि बाईच्या समोर बसली. "लिहून घ्या. गायीपाशी मी पोचल्यापासून वासरू बाहेर येईपर्यंत तो माझ्या शेजारी होता. एकदाही हलला नाही."

"आधीच्या भेटीत तुम्ही म्हणालात, तुमचं लक्ष वासरात होतं," बाई म्हणाली. तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण चालत नव्हतं. "मंडळ हे विचारेल. नुसतं 'होता' म्हणून चालणार नाही. कशावरून म्हणता?"

"ऐक," नवरा म्हणाला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "माझं ऐक जरा."

तिने हात झटकला नाही. फक्त त्याच्याकडे न बघता, जनावराचं निदान सांगावं तशा आवाजात ती बोलत राहिली.

"दोन्ही हातांनी गायीचं शेपूट धरून उभा होता. गाय कळा देत होती, आणि माझं तोंड शेपटापासून वीतभर लांब होतं. एकदा जरी त्याने ते सोडलं असतं, तर मला तोंडावर फटका बसला असता." बाईचं पेन चालायला लागलं. "बसला नाही."